कुणाची गं तू?

गावाचं नाव सांगितलं की समोरच्याचे हात आपोआप जोडले जातात. "वा, बल्लाळेश्वराची पाली!" मग सांगावं लागतं, ती नव्हे हो. ती सुधागडाखालची, कोकणातली. आमची राजगडाखालची, वेल्ह्यातली. तालुक्याला आता राजगडच म्हणायचं ठरलंय, पण म्हातारी माणसं अजून 'वेल्ह्याला जाऊन येते' असंच म्हणतात. आमच्याकडे देवदर्शनाला कुणी येत नाही. येतात ते गड चढणारे, आणि तेही पाली दरवाज्याची वाट विचारून, बाटल्या भरून पुढे निघतात. आमच्या पणजोबांना या घोटाळ्याची गंमत वाटायची, असं आजी सांगे. त्यांच्या लेखी दोन्ही पाली एकाच धन्याच्या, भोरच्या पंतसचिवांच्या. ते खरंच होतं. शंकराजी नारायण सचिवांना राजाराम महाराजांच्या काळात मिळालेलं हे संस्थान घाटाच्या दोन्ही अंगांना पसरलेलं होतं. सुधागड त्यात, राजगडही त्यात. १९४८ साली ते विलीन झालं तेव्हा पणजोबांना नवा साहेब कोण एवढंच जाणून घ्यायचं होतं म्हणे, कारण सारा भरायचाच होता.

गावात शिरणाऱ्या अनोळखी पोरीला पारावरची म्हातारी विचारायची, "कुणाची गं तू?" नाव नंतर कळलं तरी चालायचं. बापाचं आडनाव, आईचं माहेर, मामाचं गाव एवढं हाती लागलं की दोन मिनिटांत ती पोरगी म्हातारीची कुणीतरी निघायची. चुलत नणंदेच्या जावेची भाची, नाहीतर वारलेल्या भावजयीच्या माहेरची. मग चहा. पुण्याला शिकायला गेले आणि मला या प्रश्नाचा राग यायला लागला. मी माझी आहे, असं एकदा ठणकावून सांगावंसं वाटे. सांगितलं कधी नाही. आजीपुढे असलं काही बोलायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती.

आजीचा इतिहासही असाच, नात्यांनी विणलेला. तिला एकही सन सांगता यायचा नाही, पण शिवाजीराजांच्या घरातलं कोण कुणाचं हे ती आमच्याच भावकीतलं असल्यासारखं सांगायची. लढायांत तिला गोडी नव्हती. अफझलखानाचं पोट फाडल्याची गोष्ट आजोबा सांगत. आजी सांगायची ती सईबाईंची. फलटणच्या निंबाळकरांची लेक, वरच्या गडावर आजारी पडली, तिथेच गेली. शेजारच्या पाल गावात तिची समाधी आहे, तिथे आजी मला घेऊन जायची. ५ सप्टेंबर १६५९ ही तारीख मी पुढे पुस्तकात वाचली. आजीला फक्त ठाऊक होतं की तेव्हा लेकरू दोन वर्षांचं होतं. आणि लगेच ती धाराऊवर यायची. संभाजीराजांना दूध पाजणारी धाराऊ गाडे, कापूरव्होळची. कापूरव्होळ आजीच्या माहेरच्या वाटेवर, त्यामुळे धाराऊ तिला आपलीच वाटे. "राजाची आई निंबाळकरांची आन् दूधआई आपल्या वाटंवरची," असं ती म्हणायची, आणि या दोघींना राजापेक्षा जास्त मान द्यायची.

हाच 'कुणाची?' हातात वही आणि मोजपट्टी घेऊन देशभर विचारत फिरलेल्या बाई म्हणजे इरावती कर्वे. मला त्या भेटल्या समाजशास्त्राच्या वर्गात, परीक्षेच्या पुस्तकातून, म्हणजे अगदी चुकीच्या दाराने. १९५३ सालचा त्यांचा भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा इंग्रजी ग्रंथ अभ्यासक्रमात होता. चार विभाग, त्यांची वैशिष्ट्यं, दहा मार्कांचं उत्तर. सुट्टीत घरी आले तेव्हा जात्याजवळ बसून पाठ करत होते. आजीने विचारलं, काय गं पुटपुटतीस? मी म्हटलं, उत्तरेत मामाच्या मुलीशी लग्न चालत नाही, दक्षिणेत मामाची चालते, आत्याचीही चालते, कुठेकुठे भाचीसुद्धा. आपण मधले. आपल्यात मामाची चालते, आत्याची नाही.

"हे लिहाया बुक लागतं व्हय?" आजी म्हणाली. "आत्याची पोर कशी करायची? दिलेली लेक परत आपल्याच घरात आणायची?"

मला त्याच दुपारी एक शंका सुचली होती, ती विचारली. सईबाईंची लेक सखूबाई कुणाला दिली? बजाजी निंबाळकरांच्या महादजीला. बजाजी सईबाईंचे भाऊ. म्हणजे महादजीने आत्याचीच मुलगी केली की! आजी क्षणभर गप्प. मग म्हणाली, "राजाचं येगळं. त्यांना घरं बांधायची असत्यात." राजकारणासाठी सोयरीक होते आणि सोयरिकीसाठी नियम वाकतो, हे समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला दोन तासिकांत शिकवलं गेलं होतं. बजाजी विजापूरकरांकडे मुसलमान झालेले, त्यांना स्वधर्मात परत घेतलं, आणि तो स्वीकार पक्का करायला लेक दिली. आजीला यातलं काही सांगावं लागलं नाही.

त्या दिवसापासून मी इरावतीबाईंना मार्कांसाठी वाचणं सोडलं. म्हणी, ओव्या, सासू-सुनेची भांडणं, कोण कुणाला कसं हाक मारतं, कुणासमोर पदर घ्यायचा आणि कुणाची थट्टा करायची, हे सगळं त्यांनी शास्त्राचा पुरावा म्हणून मांडलं होतं. उत्तरेतली मुलगी परक्या गावात, तोंड न पाहिलेल्या माणसांत जाऊन पडते. दक्षिणेतली मुलगी बहुधा आजीच्या नाहीतर मामाच्याच घरात जाते, तिथे तिला कुणी नवं नसतं. आपल्याकडची मधल्यामध्ये. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी मुळशी-मावळापासून सुरुवात करून जात्यावरच्या एक लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांतली निम्मी तक्रार सासरची आणि निम्मं कौतुक भावाचं वाटावं, इतका त्या मधल्या जागेचा ताण त्यांत आहे. आमच्या जात्यावरची आजी त्याला अपवाद नव्हती. तिच्या भावाचं एवढं कौतुक ऐकल्यावर तो एकदा घरी आला तेव्हा मी निराशच झाले. बिड्या ओढणारा किडमिडा म्हातारा निघाला.

आता त्या बाईंच्या स्वतःच्या नात्यांकडे वळायला हवं. जन्म १५ डिसेंबर १९०५, ब्रह्मदेशात मिंज्यानला. वडील गणेश हरी करमरकर तिकडे नोकरीला, आणि लेकीला नाव दिलं तिथल्या नदीचं. सातव्या वर्षी पुण्याला, हुजूरपागेत. मग रँग्लर परांजप्यांच्या घरी मुलीसारख्या वाढल्या. फर्ग्युसनमधून १९२६ साली पदवी घेतली ती तत्त्वज्ञानात. समाजशास्त्र नंतरचं, मुंबईला घुर्यांच्या हाताखाली. नवरा दिनकर धोंडो कर्वे, रसायनशास्त्राचे प्राध्यापक. सासरे महर्षी कर्वे. जर्मनीला जाऊन डॉक्टरेट करायचं सुनेने ठरवलं तेव्हा विरोध केला तो या सासऱ्यांनी, ज्यांनी १९१६ साली देशातलं पहिलं महिला विद्यापीठ काढलं होतं. नवरा बायकोच्या बाजूने उभा राहिला. पैसे जीवराज मेहतांकडून कर्जाऊ घेतले. महर्षींबद्दल आदर बाळगूनही मला वाटतं, हे चरित्रकारांनी जरा जास्त हसण्यावारी नेलंय.

१९२८ च्या सुमाराला त्या बर्लिनला पोचल्या. दालेम भागातली कैसर विल्हेल्म संस्था, मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्रासाठी नुकतीच उघडलेली. संचालक ऑयगेन फिशर. हे गृहस्थ तरुणपणी नैऋत्य आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत मिश्र रक्ताच्या लोकांची मोजमापं घेऊन आले होते आणि त्यावर त्यांची कीर्ती उभी होती. इरावतीबाईंना त्यांनी विषय दिला तो कवटीच्या दोन बाजूंतल्या असमानतेचा. फिशर यांचा होरा असा, की गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीची उजवी पुढची बाजू मोठी असते, कारण त्याची तर्कबुद्धी मोठी. इतर वंशांत ही असमानता तेवढी सापडायची नाही. विद्यार्थिनीने फक्त मोजून ते सिद्ध करायचं होतं.

संस्थेत कवट्यांना तोटा नव्हता. कित्येक वसाहतींतून आणलेल्या. बाईंनी १४९ मोजल्या. एक कवटी हातात धरायची, मध्यरेषा ठरवायची, कॅलिपरची टोकं दोन्ही बाजूंच्या ठरावीक खुणांवर टेकवायची, आकडा लिहायचा, पुन्हा टेकवायची. मिलिमीटरचं काम. थोडा हात हलला तर उत्तर बदलतं, आणि उत्तर काय यायला हवं हे शेजारच्या खोलीत बसलेल्या गुरूला आधीच ठाऊक आहे. अशा वेळी हात कुठे हलतो हे कुणीही संशोधक सांगेल. इरावतीबाईंचा हलला नाही. असमानता सगळीकडे सापडली, गोऱ्यांत आणि बाकीच्यांतही, आणि वंशाशी तिचा संबंध लागेना. तसंच त्यांनी प्रबंधात लिहिलं. फिशर यांनी पदवी दिली, पण श्रेणी देता येईल तेवढी खालची दिली.

चोविशीची बाई, परका देश, डोक्यावर कर्ज, सासऱ्यांचा विरोध पत्करून आलेली. नापास होऊन परत गेली असती तर घरी काय ऐकावं लागलं असतं ते सांगायला नको. हे सगळं मी आजीला सांगितलं तेव्हा तिने माणसांच्या कवट्या हातात धरायच्या या कल्पनेनेच तोंड वाकडं केलं. मग विचारलं, "त्या कुनाच्या व्हत्या?" मी म्हटलं, आफ्रिकेतल्या वगैरे. ती म्हणाली, "आगं, पन कुनाच्या? त्यांच्या घरच्यांनी दिल्या व्हत्या का?" हा प्रश्न जर्मनीतल्या संग्रहालयांनी गेल्या काही वर्षांत स्वतःला विचारायला घेतला आहे, आणि काही अवशेष त्यांनी आफ्रिकेतल्या वंशजांना परत केले आहेत.

दालेममध्ये त्या मोजमापं घेत होत्या त्याच काळात, १२ मे १९२९ ला, बुडापेस्टमध्ये एका ज्यू घरात आग्नेस हेलर जन्मली. आमच्या आजीची साधारण समवयस्क. फिशर यांच्या संस्थेचं पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. त्यांच्या वंशविचाराचा आधार नाझी कायद्यांना मिळाला. त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या फेर्शुअर यांचा जुना सहायक योजेफ मेंगेले ऑशवित्झच्या छावणीतून त्याच संस्थेला रक्ताचे नमुने आणि डोळे पाठवू लागला. आणि त्याच छावणीत १९४४ साली आग्नेसच्या वडिलांना, पाल हेलर यांना, नेलं. जर्मन भाषा आणि कायदा येत असल्यामुळे ते लोकांना देशाबाहेर पडायला कागदपत्रं मिळवून द्यायचे. स्वतः परत आले नाहीत. आई आणि मुलगी कशाबशा वाचल्या.

ही मुलगी पुढे हंगेरीची मोठी तत्त्वज्ञ झाली. शिकायला गेली होती भौतिकशास्त्र. १९४७ साली ग्योर्ग लुकाच यांच्या व्याख्यानाला जाऊन बसली, फारसं काही समजलं नाही, आणि हेच समजून घ्यायला हवं असं ठरवून तिने विषय बदलला. १९५६ च्या उठावानंतर गुरूच्या विरोधात बोलायला नकार दिला म्हणून विद्यापीठातून काढली गेली आणि काही वर्षं शाळेत शिकवत राहिली. १९६८ साली सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले तेव्हा निषेधाच्या पत्रकावर सही केली. १९७७ ला देश सोडून मेलबर्न, मग न्यू यॉर्क. राजवट पडल्यावर पुन्हा बुडापेस्ट, आणि म्हातारपणी पुन्हा नव्या सत्ताधाऱ्यांशी भांडण. १९ जुलै २०१९ ला, नव्वदाव्या वर्षी, बालातोन सरोवरात पोहायला उतरली ती तिथेच गेली. हेलरबाईंनी लिहिलं पुष्कळ, पण माझ्या कामाच्या दोनच गोष्टी. पहिली, माणसं इतकं वाईट कसं वागू शकली हा प्रश्न सगळे विचारतात, तर त्यांना छळणारा प्रश्न होता की चांगली माणसं आहेत हे तर दिसतंच, ती शक्य कशी होतात? आणि उत्तर त्यांनी मोठ्या सिद्धांतांत न शोधता रोजच्या जगण्यात शोधलं. दैनंदिन जीवनावरचं त्यांचं पुस्तक १९७० सालचं आहे. दुसरी गोष्ट जन्माची. जुन्या समाजात जन्माबरोबर माणसाचं पुढचं सगळं ठरलेलं असे. आधुनिक माणसाला जन्म फक्त शक्यता देतो, आणि त्या योगायोगातून आपलं प्राक्तन आपणच निवडून घडवायचं असतं.

म्हणजे पारावरच्या म्हातारीला मी जे उत्तर देणार होते, ते.

वडील छावणीत गेलेल्या, देशातून उखडलेल्या बाईला 'मी मला निवडते' म्हणण्यावाचून वाट नव्हती. इरावतीबाईंना वाट होती. आडनाव होतं, सासर होतं, पुण्यातला मान होता. आणि म्हणूनच मला त्यांचा 'परिपूर्ती' हा लेख अजून पुरता पचलेला नाही. कुठल्याशा समारंभात त्यांची ओळख करून दिली जाते, अमक्यांची सून, तमक्यांची पत्नी. सगळी खरी नाती, पण बाईंना काहीतरी अपुरं वाटत राहतं. मग रस्त्याने जाताना खेळणारी पोरं एकमेकांना सांगतात की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. तिथे त्यांची ओळख पुरी होते. बर्लिनची डॉक्टरेट, पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बायकांतल्या एक, डेक्कन कॉलेजात विभाग उभा केलेल्या बाई, आणि परिपूर्ती कशात, तर हे! वसतिगृहात आम्ही मुली या लेखावर तावातावाने भांडलो होतो. आजीला वाचून दाखवला तर ती म्हणाली, "मंग पोरांचं काय चुकलं?" तिला वाद घालण्यासारखं त्यात काहीच दिसेना. मला अजून दिसतं. पण एक कबूल करायला हवं, बाईंनी ती यादी स्वतः लिहून, क्रमाने मांडून वाचकासमोर ठेवली. स्वतःला वरून पाहण्याची ती सवय मोजपट्टी धरणाऱ्या हाताचीच आहे.

ती मोजपट्टी त्यांनी आयुष्यभर खाली ठेवली नाही, हीही तक्रार आहे. बर्लिनमध्ये वंशाचा सिद्धांत मोजून खोटा पाडलेल्या बाई परत येऊन दशकानुदशकं महाराष्ट्रातल्या जातींची डोकी, नाकं, रक्तगट मोजत राहिल्या. मोजून त्यांनी घुर्यांशी वाद घातला हे खरं. एका मूळ समाजाचे तुकडे पडून जाती झाल्या असं पुष्कळांना वाटे. बाईंचं म्हणणं, मुळात वेगवेगळे असलेले गट शेजारी येऊन बसले. कुंभार म्हणजे एक जात असं आपण समजतो, पण मोठ्या चाकाचे कुंभार आणि लहान चाकाचे कुंभार एकमेकांत लग्नं करत नाहीत, त्यांचा आपसात संबंधच नाही. जात म्हणजे पसरलेली भावकी, हे त्यांचं सूत्र इथून आलं. आमच्या गावाकडे पाहिलं तर ते पटतं, आणि तिथेच अडकायलाही होतं. 'कुणाची गं तू?' हा प्रश्न बौद्धवाडीतल्या पोरीलाही विचारला जायचाच. तिच्या उत्तरावर चहा घरातल्या कपात की बाहेरच्या कपात हे ठरायचं. आमच्या घरातही ठरायचं. आजीची सगळी माया जमेस धरूनही हे लिहायलाच हवं. जात भावकीसारखी असते म्हटलं की तिच्यातली ऊब तेवढी दिसते आणि पायरी दिसत नाही. बाईंना ती दिसली नव्हती असं नाही. पंढरीच्या वाटेवर दिंडीत चालल्या तेव्हा बामणांची पंगत वेगळी आणि मराठ्यांची वेगळी पाहून त्यांना जे झालं ते त्यांनी 'वाटचाल'मध्ये लिहिलंय. पण ग्रंथातल्या सूत्रात ते दुःख उतरलं नाही.

उतरलं ते 'युगान्त'मध्ये. १९६७ चं पुस्तक, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार. आमच्याकडे श्रावणात देवळात पांडवप्रताप लागायचा. श्रीधरस्वामींची पोथी एकजण वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा, बायका वाती वळत ऐकायच्या. त्यामुळे महाभारतातली माणसं आजीला धाराऊइतकीच जवळची होती. एका श्रावणात मी 'युगान्त'मधला गांधारीवरचा लेख तिला वाचून दाखवला. पोथीतली गांधारी पतिव्रता, नवरा आंधळा म्हणून तिने डोळे बांधले. इरावतीबाई तिथे थांबत नाहीत. आंधळ्याला दिलंय हे लग्न होईपर्यंत न सांगितलेल्या मुलीचा संताप त्या पट्टीत त्यांना दिसतो. भीष्मालाही त्या सोडत नाहीत. आजन्म ब्रह्मचारी राहिलेल्या या म्हाताऱ्याने घराण्यासाठी किती मुली आणून कुणाकुणाच्या गळ्यात बांधल्या, याचा त्या हिशेब मांडतात. देवळात असं कुणी बोललं असतं तर वाचणाऱ्याने पोथी मिटली असती.

आजीने पूर्ण ऐकून घेतलं. मला वाटलं, चिडेल. ती म्हणाली, "आमच्या थोरल्या जावंला आसंच दिलं व्हतं. मानूस फिट येनारा. बोलनी झाली तवा त्याला मामाच्या गावाला धाडला व्हता." मग बराच वेळ त्या थोरल्या आजीबद्दल बोलत राहिली. ती आयुष्यभर कुणाशी धड बोलली नाही, सगळे तिला तुसडी म्हणत. मी लहानपणी तिला घाबरायचे. "पट्टी बांधली न्हाई येवढंच," आजी म्हणाली. इरावतीबाईंची खरी ताकद मला इथे दिसते. महाभारतातल्या माणसांना त्या देव मानत नाहीत आणि खोटंही पाडत नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्याला विचारावं तसं विचारतात, तुम्ही असं का केलंत? तत्त्वज्ञानाची पदवी कुठे मुरली असेल तर ती या विचारण्यात. हेलर ऑशवित्झनंतर जे विचारत होत्या त्याचं मराठी घरातलं रूप मला हस्तिनापुरावरच्या या लेखांत सापडलं, बर्लिनच्या प्रबंधात नव्हे.

११ ऑगस्ट १९७० ला इरावतीबाई गेल्या. त्याआधी एकच वर्ष, १९६९ साली, त्यांचं आणि त्यांची लेक जाई निंबकर यांचं एक काम डेक्कन कॉलेजने छापलं. 'युगान्त'च्या वाचकांच्या दहाव्या हिश्श्यानेही ते वाचलं नसेल. कोयना धरणात उठलेल्या माणसांची पाहणी. धरणग्रस्त म्हणजे काय हे आमच्या भागाला कुणी शिकवायला नको. भोरला वेळवंडीवर भाटघर, इंग्रजांच्या काळातलं. पाणी गेलं नीरेच्या कालव्यांतून खाली बारामती-फलटणच्या उसाला. दर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की कांबऱ्याचं महादेवाचं देऊळ उघडं पडतं आणि फोटो काढायला गर्दी होते. वेल्ह्यात पानशेत, वरसगाव, आणि अलीकडे धानेपचं गुंजवणी. पानशेत म्हटलं की पुण्याच्या माणसाला १२ जुलै १९६१ आठवतो. धरण फुटलं, खडकवासला गेलं, पुण्यात पाणी शिरलं. त्यावर पुस्तकं निघाली, दरवर्षी वर्तमानपत्रांत आठवणी येतात. धरण भरण्यासाठी जी गावं उठली, त्यांच्या आठवणी छापून येत नाहीत. आजीची धाकटी बहीण त्यातल्याच एका गावात दिलेली. तिचं घर उठून दौंडकडे गेलं, काळ्या रानात, कालव्याच्या पाण्यावर. भात लावणाऱ्या माणसांच्या हातात ऊस आला.

तिथल्या शेजाऱ्यांनी या लोकांना कधी 'कुणाची?' विचारलं नाही, असं ही मावशीआजी सांगायची. "कुठल्या धरनातले?" एवढंच विचारत. भावकीतली निम्मी घरं एका गावठाणात, निम्मी दुसऱ्या तालुक्यात. काहींनी पैसे घेऊन वरच्या डोंगरातच झोपडी केली. मामाची मुलगी करायची तर मामा कुठे आहे ते आधी शोधायचं. कोयनेतही असंच झालं. तिथली माणसं सातारा-सांगलीपासून रायगड-ठाण्यापर्यंत विखुरली. नातेसंबंधांवर आयुष्य घातलेल्या बाईने म्हातारपणी धरणाकडे वळावं यात मला आश्चर्य वाटत नाही. जमीन किती गेली आणि रुपये किती मिळाले हे सरकारी कागदांत असतंच. गाव उठतं तेव्हा माणूस ज्यांचा असतो ती माणसंही हलतात, आणि त्याची भरपाई कुठल्या रकान्यात लिहायची हे ठरलेलं नसतं. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला तो १९७६ साली, देशात सर्वांआधी. कोयनेची माणसं त्यानंतरही मोर्चे काढतच राहिली.

मागल्या आवणीच्या दिवसांत मावशीआजीची नातसून गावी आली होती. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात सातबाऱ्याचे उतारे. पुनर्वसनात मिळालेली जमीन अजून वर्ग दोनवर, विकायची किंवा कर्ज काढायचं तर परवानगी लागते. साठ वर्षं कसली तरी ती पुरती त्यांची झालेली नाही. नवरा खेटे घालून थकला, आता ती घालते. बारावी शिकलेली, खमकी बाई. मी कॉलेजात शिकवते म्हणून माझ्याकडून अर्ज लिहून घ्यायला आली होती. अर्ज लिहिता लिहिता मी तिला इरावतीबाईंच्या पाहणीबद्दल सांगितलं, एवढ्या मोठ्या विदुषीने पन्नास वर्षांपूर्वी हे सगळं विचारून ठेवलं होतं म्हणून.

"त्याची झेरॉक्स जोडली तर चालंल का?" तिने लगेच विचारलं.

मी म्हटलं, ते कोयनेचं आहे.

"बरं. मग पानशेतचं कुणी केलंय?"